बंद करीसन चालू कर : संगणकाच्या झटपट उपायांमागची कारणे

खान्देशात संगणक अडला की पहिला सल्ला बहुधा अहिराणीत मिळतो : "बंद करीसन चालू कर, भो." सल्ला देणाऱ्याला त्यामागचे कारण ठाऊक असतेच असे नाही आणि घेणाऱ्याला ते विचारायची सवड नसते, कारण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली माणसे काउंटरपाशी ताटकळत असतात. तरीही तो सल्ला पुष्कळदा लागू पडतो आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही. या लेखात असेच काही नेहमीचे उपाय घेतले आहेत. त्यांतले काही घरातल्या आणि कचेरीतल्या संगणकाचे आहेत, तर काही प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींच्या कामाचे आहेत. उपायापेक्षा कारणाला अधिक जागा दिली आहे, कारण कोणता उपाय लागू पडला आणि कोणता पडला नाही यावरूनच दोष कुठे दडला होता हे कळते : रॅममध्ये, डिस्कवर, घड्याळात, हवेत की अक्षरांत.

चालू कामाची सगळी तात्पुरती माहिती रॅममध्ये असते आणि वीज थांबली की ती पुसली जाते. एखादा प्रोग्रॅम घेतलेली जागा परत करत नाही, एखादा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम, न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसतो, कधी दोन प्रोग्रॅम एकमेकांसाठी थांबून दोघेही गोठतात. रीस्टार्ट यांपैकी कशाचाही शोध घेत नाही. तो सगळी पाटी पुसतो आणि यंत्रणेला पहिल्या पायरीपासून चालायला लावतो. म्हणूनच रीस्टार्टने गेलेला दोष रॅममधला होता असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, आणि तोच दोष दर दोन दिवसांनी परत येत असेल तर कोणता तरी एक प्रोग्रॅम तो पुन्हापुन्हा निर्माण करत आहे हेही उघड होते.

मात्र 'बंद करून चालू करणे' आणि 'रीस्टार्ट' या दोन गोष्टी आज एकच राहिलेल्या नाहीत, आणि हे बहुतेकांना माहीत नसते. पारोळा तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचा संगणक काही आठवड्यांपासून रखडत चालत होता. केंद्र चालवणारे दादा रोज रात्री तो न चुकता बंद करत, इतकेच नव्हे तर भिंतीवरचा स्विचही बंद करत. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर 'अप टाइम' पाहिला, तर संगणक ३७ दिवस सलग चालू असल्याची नोंद तिथे होती. दादांना वाटले की आकडाच चुकला आहे. वास्तविक २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. तीत शट डाउन करताना आपण उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण यंत्रणेचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जशीच्या तशी उतरवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत रॅममध्ये भरली जाते. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो हे खरे, पण काल अडकलेला ड्रायव्हर आज अडकलेल्या अवस्थेतच उठतो. भिंतीवरचा स्विच बंद करूनही फरक पडत नाही, कारण ती स्थिती रॅममध्ये नसून डिस्कवर असते. रीस्टार्ट हा पर्याय निवडला तर मात्र गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन केले तरी तेच घडते. दादांच्या संगणकाला एवढ्यानेच बरे वाटले. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे, एवढी सवय पुरेशी आहे.

छपाईच्या रांगेचे उदाहरण याच्या बरोबर उलटे आहे. प्रिंटरच्या यादीत एक काम अडकते, ते रद्द केले तरी 'डिलीटिंग' असे दाखवत तिथेच राहते आणि रीस्टार्टनंतरही जात नाही. याचे कारण असे की छपाईला पाठवलेली कामे विंडोज आधी डिस्कवर फाइलच्या रूपात लिहून ठेवते आणि रीस्टार्टने डिस्क पुसली जात नाही. अशा वेळी 'सर्व्हिसेस'च्या यादीत जाऊन छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवावा, विंडोजच्या फोल्डरमधील सिस्टिम ३२, त्यातील स्पूल आणि त्यातील प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढून टाकाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. प्रिंटर्स हे फोल्डर मात्र ठेवावे, फक्त आतले काढावे.

आता उन्हाळ्याकडे वळू. जळगाव आणि भुसावळ येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे इथल्या माणसाला सांगायला नको; पण त्याचा संगणकाशी असलेला संबंध साध्या बेरजेचा आहे, आणि तो लक्षात घेतला जात नाही. पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त दोन्हींमधला फरक आटोक्यात ठेवतात. समजा, जड काम चालू असताना हा फरक ५० अंशांचा आहे. जानेवारीत खोलीत २० अंश असतील तर प्रोसेसर ७० अंशांवर राहील. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात ४२ अंश असतील तर तोच ९२ अंशांवर जाईल. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि त्याहून पुढे गेल्यास संगणक एकाएकी बंद होतो. त्यात पंख्यात अडकलेल्या धुळीमुळे हा फरक ५०ऐवजी ६० अंश झाला, की बेरीज शंभरीपार जाते. दुपारी दोन वाजता आपोआप बंद पडणारा आणि संध्याकाळी सात वाजता सुरळीत चालणारा संगणक 'व्हायरस आला' म्हणून फॉरमॅट करणे म्हणजे उन्हाने आलेल्या चक्करीवर जंताचे औषध देणे होय.

खान्देशात या धुळीला कापसाचीही जोड असते. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे बारीक तंतू पंख्याच्या पात्यांमागे, धातूच्या पट्ट्यांच्या फटींत जाऊन बसतात, त्यांत धूळ अडकते आणि गोधडीच्या अस्तरासारखा एक थर तयार होतो. हिवाळ्यात तो जाणवत नाही. उपाय सोपा आहे : संगणक बंद करून वायर काढावी, बाजूचे झाकण उघडावे आणि ब्लोअरने आतून बाहेरच्या दिशेने हवा मारावी, तसे करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाही तर तो प्रमाणाबाहेर वेगाने फिरून त्याची बेअरिंग खराब होते. हे काम होळीच्या आसपास केले तर उन्हाळा निभावतो. चार-पाच वर्षांच्या जुन्या संगणकात प्रोसेसर आणि ठोकळा यांमधली उष्णतावाहक पेस्टही वाळलेली असते. ती बदलून घ्यावी. डेझर्ट कूलरचा झोत मात्र थेट संगणकावर घेऊ नये, कारण त्याबरोबर येणारे बारीक थेंब वाळले की पाण्यातला क्षार आत उरतो. यूपीएसची बॅटरीही उष्णतेला नाजूक असते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे, त्यामुळे पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीत चालणारी बॅटरी इथे लवकर संपली तर दुकानदाराने फसवले असे लगेच मानू नये.

संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून ठरावीक अंतराने शिट्टी वाजते, तेव्हा तंत्रज्ञ रॅमची पट्टी काढून तिची टोके खोडरबराने घासतो. डीडीआर ४ प्रकारच्या पट्टीला अशी २८८ टोके असतात आणि त्यांपैकी एखाद्या महत्त्वाच्या टोकाचाही संपर्क नीट झाला नाही तर सुरुवातच होत नाही. या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो. आणि सोने गंजत नाही, हे सोन्याच्या पेठेत राहणाऱ्या जळगावकराला कोणी सांगण्याची गरज नाही. मग रबर काय काढते? बोटांचा तेलकटपणा, धूळ आणि तिचा चिकट थर. मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे दर महिन्याला घासण्याची सवय लावू नये. पुष्कळदा पट्टी नुसती काढून परत घट्ट बसवली तरी काम भागते.

घड्याळाचा दोष मला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण तो दिसतो एका जागी आणि असतो भलत्याच जागी. सकाळी संगणक सुरू केला की इंटरनेट चालू असते, पण बँकेचे, मेलचे किंवा सरकारी संकेतस्थळ उघडताच ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा देतो. माणूस इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन करतो. खरे कारण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात असते, तिथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख लागलेली असते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. सप्टेंबर २०२०पासून अशा प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली गेली आणि पुढे ती आणखी कमी करण्याचे ठरले. त्यामुळे आपला संगणक २०१५ सालात वावरत असेल तर आजचे प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेले नसते. मोबाइलमधील ऑथेंटिकेटर ॲपचे दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडेही वेळेवरूनच काढले जातात, म्हणून घड्याळ चुकलेल्या उपकरणावर तेही जुळत नाहीत.

तारीख मागे का जाते? मदरबोर्डवर एक नाण्याएवढी बॅटरी असते. तिचे नाव सीआर २०३२. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, असा त्या आकड्यांचा अर्थ. वीज नसताना घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करत या बॅटरीवर चालतो. संगणक बंद असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेल तर घड्याळाला मुख्य विजेतून थोडा पुरवठा मिळत राहतो आणि बॅटरी वाचते. दुकान बंद करताना मेन स्विचच खाली ओढण्याची आपल्याकडची रीत शहाणपणाची आहे, पण ती बॅटरी लवकर संपवते. तारीख हाताने दुरुस्त केल्यास तो दिवस निभावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा मागे गेलेली दिसली तर बॅटरी बदलावी.

यापुढचा भाग अक्षरांचा आहे आणि मराठीत काम करणाऱ्याला तो जवळून समजून घ्यावा लागतो, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये त्याला फारशी जागा मिळत नाही. मराठी मजकूर बिघडलेला दिसतो तेव्हा 'फॉन्ट गेला' असे सरसकट म्हटले जाते, पण बिघाडाचे रूप पाहून त्याचे कारण ओळखता येते. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, फक्त त्या यंत्रावर देवनागरी दाखवू शकणारा फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की झाले. चौकटींऐवजी रोमन लिपीतली, डोक्यावर तिरकी रेघ असलेली ए-सारखी अक्षरे आणि मध्येमध्ये चलनाच्या खुणा दिसत असतील तरीही माहिती शाबूत आहे, पण वाचणाऱ्याने चुकीची किल्ली लावली आहे.

ही किल्ली म्हणजे कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर हे सांगणारे कोष्टक. युनिकोड या जगभरातल्या लिप्यांच्या सामाईक यादीने देवनागरीला १२८ जागांचा एक गट दिला आहे. १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये (बाइट म्हणजे साठवणुकीचे लहान एकक) साठवले जाते, आणि इथे काना, मात्रा, उकार ही सुटी चिन्हे धरली जातात. 'जळगाव' या शब्दात ज, ळ, ग, काना आणि व अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. 'धुळे' या शब्दात ध, उकार, ळ आणि मात्रा अशी चार, म्हणजे १२ बाइट. हे बाइट युरोपीय भाषांच्या जुन्या कोष्टकाने वाचले तर एकेका चिन्हाच्या जागी तीन-तीन खुणा उमटतात. त्यांतली पहिली प्रत्येक वेळी तीच रेघवाली ए असते आणि दुसरी कधी चलनाची सर्वसाधारण खूण, तर कधी जपानी येनची खूण असते. येनची खूण उकार, दीर्घ वेलांटी, मात्रा, हलन्त अशा गटाच्या उत्तरार्धातल्या चिन्हांना येते; म्हणून 'धुळे' बिघडले तर त्यात दोन येन दिसतात आणि 'जळगाव' बिघडले तर एकही नाही. सोन्याच्या पेठेला येन नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. असा मजकूर योग्य कोष्टक निवडून पुन्हा उघडला की जसाच्या तसा परत येतो.

हे सर्वाधिक वेळा घडते ते सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडताना. एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक ठरावीक खूण सापडली नाही तर ते यंत्रावरचे जुने कोष्टक लावू शकते. त्याऐवजी रिकामी एक्सेल फाइल उघडून 'डेटा' या पट्टीतून मजकुराची फाइल आत घ्यावी आणि कोष्टकाच्या यादीत ६५००१ हा यूटीएफ-८चा क्रमांक निवडावा. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणाऱ्याला याची दुसरी बाजू भेटते : एक्सेलने ती खूण लावून जतन केलेली फाइल वाचली की पहिल्या स्तंभाच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटते आणि 'असा स्तंभच नाही' अशी त्रुटी येते. तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असे दिले की खूण गळून पडते.

तिसरे रूप प्रश्नचिन्हांचे, आणि ते वाईट. मजकूर देवनागरी न सामावणाऱ्या जागेत, उदाहरणार्थ लॅटिन-१ प्रकारच्या डेटाबेस स्तंभात लिहिला गेला की प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचे प्रश्नचिन्ह साठवले जाते. 'धुळे'ची चार प्रश्नचिन्हे झाली आणि त्यातून धुळे परत काढता येत नाही. बॅकअप असेल तरच सुटका. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. त्यातल्या यूटीएफ-८ नावाच्या जुन्या प्रकारात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. मराठी त्यात बसते म्हणून चाचणी उत्तीर्ण होते, आणि मग एखादा गृहस्थ अर्जात 'रामराम' लिहून पुढे हात जोडल्याचा इमोजी टाकतो. इमोजीला चार बाइट लागतात. मग एकतर त्रुटी येते किंवा इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो. यूटीएफ-८-एमबी-४ हा प्रकार निवडणे हा उपाय. २०१८मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीपासून तोच आपोआप लागू होतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर ही निराळीच गोष्ट आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये जे 'का' दिसते ते फाइलमध्ये रोमन डी आणि के असते. फॉन्टने फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तिथे कोष्टक बदलून काही होत नाही, त्या विशिष्ट फॉन्टचा परिवर्तक लागतो आणि परिवर्तनानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. युनिकोडमध्येही एक फसवी जागा उरतेच : 'शेतकऱ्यांची' या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या चिन्हसमूहांनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. म्हणून यादीत नाव डोळ्यांना दिसते आणि शोध घेतल्यावर सापडत नाही. ज्याने यादीचा प्रोग्रॅम लिहिला त्याने साठवतानाच सगळीकडे एक रूप ठरवून द्यावे, हाच त्यावरचा उपाय.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर सातबाऱ्याचेही सांगून टाकतो. रकान्यात ७/१२ टाइप केले की एक्सेल त्याची ७ डिसेंबर ही तारीख करते, आणि गट क्रमांक १२/२ असेल तर १२ फेब्रुवारी. आत साठते ती १९००पासून मोजलेली दिवसांची संख्या. म्हणून नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तर ४६ हजारांच्या आसपासचा एक अनोळखी आकडा समोर येतो. त्यातही ४५/५६ सारखा क्रमांक तारीख होऊ शकत नसल्याने तसाच राहतो, आणि अर्धा स्तंभ खरा, अर्धा खोटा होतो. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके जपते. उपाय आधी करायचा असतो : स्तंभ रिकामा असतानाच त्याला 'टेक्स्ट' करावे किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावे. याचा जाच आपल्यालाच होतो असे नाही; २०२०मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने, एक्सेल ज्यांच्या तारखा करत होते अशा काही जनुकांची नावेच बदलली.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना पहिल्या वर्षी छळणाऱ्या त्रुटींपैकी एक म्हणजे 'पोर्ट आधीच वापरात आहे'. पोर्ट म्हणजे जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या गाळा क्रमांकासारखा प्रकार होय : इमारतीचा पत्ता एकच, आणि आत कोणाकडे जायचे ते गाळ्याच्या क्रमांकावरून ठरते. संगणकात असे क्रमांक ६५,५३५पर्यंत असतात आणि साधारणपणे एका क्रमांकावर एकाच प्रोग्रॅमला बसता येते. आपण टर्मिनलची, म्हणजे आदेश टाइप करण्याची, खिडकी बंद केली तरी मागे चालणारा सर्व्हर कधीकधी जिवंत राहतो आणि गाळा अडवून ठेवतो. रीस्टार्टने तो सुटतो, पण नेटस्टॅट हा आदेश देऊन त्या पोर्टवर कोणत्या क्रमांकाची प्रक्रिया बसली आहे ते पाहून तेवढीच बंद करणे अधिक बरे, कारण त्यातून गाळा कोणी अडवला होता हे कळते. झॅम्प या तयार सर्व्हर-संचातले मायएसक्यूएल सुरू होत नाही तेव्हा पुष्कळदा ३३०६ या पोर्टवर आधी कधीतरी टाकलेले दुसरे मायएसक्यूएलच बसलेले आढळते.

'असा आदेश ओळखीचा नाही' ही तक्रारही अशीच. पायथॉन किंवा जावा टाकले, पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या यादीत, त्याचा पत्ता लिहिला, तरी टर्मिनल ऐकत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना पाथची एक प्रत हातात दिली जाते. नंतर मूळ पाथ बदलला तरी आधीपासून चालू असलेल्याच्या हातात जुनीच प्रत राहते. टर्मिनल बंद करून नवे उघडावे. ते कोड एडिटरच्या आतले असेल तर अख्खा एडिटर बंद करावा, कारण आतल्या टर्मिनलला प्रत त्याच्याकडूनच मिळते.

प्रकल्प स्वतःच्या लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरवर चढवला की चित्रे गायब होतात, याचे कारण बहुधा फाइलींच्या नावांत असते. विंडोज रोमन लिपीतली मोठी आणि छोटी अक्षरे एकच मानते, सर्व्हरवर बहुधा असणारी लिनक्स ही यंत्रणा त्यांना वेगळी मानते. नावे सुरुवातीपासून छोट्या अक्षरांत ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

त्रुटीचा संदेश कोणत्या टोकाकडून वाचायचा, हेही शिकवले जात नाही असा माझा अनुभव आहे. सी भाषेत एक अर्धविराम राहिला की कंपायलर तीस त्रुटी दाखवतो. तिथे पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे, बाकीच्या बऱ्याचशा तिचीच पिल्ले असतात. पायथॉनमध्ये याच्या उलट, सर्वांत शेवटची ओळ काय बिघडले ते सांगते आणि तिच्या वरच्या ओळी तिथपर्यंतचा रस्ता दाखवतात. जावामध्ये 'कॉज्ड बाय' ने सुरू होणारी सर्वांत खालची ओळ शोधावी. विद्यार्थी मात्र अनेकदा संदेशाचा फोटो, तोही वरचा निम्माच, मित्राला पाठवतात.

काही झटपट उपाय असे आहेत की ते लागू पडतात म्हणूनच टाळावेत. लिनक्सवर फाइलला ७७७ परवानगी दिली की अडथळा दूर होतो, कारण त्या यंत्रावरच्या प्रत्येकाला ती वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची मुभा मिळते. प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी एक ओळ कोडमध्ये घातली की त्रुटी जाते, पण समोर बसलेला सर्व्हर खरा की तोतया हे ओळखण्याची सोयही जाते. आधी घड्याळ पाहावे. अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा, असे सांगणारे सॉफ्टवेअर तर घेऊच नये.

आणि आता एक उपाय असा निघाला आहे की जो स्वतःच रोग आहे. एखादे पान उघडते, त्यावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' किंवा 'ब्राउझरमधला बिघाड दुरुस्त करा' असे लिहिलेले असते आणि खाली तीन पायऱ्या असतात : विंडोज आणि आर या कळा दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने आपल्या नकळत एक आदेश कॉपी करून ठेवलेला असतो आणि तो आपण आपल्याच हाताने चालवतो, त्यामुळे अनेकदा अँटिव्हायरसलाही संशय येत नाही. जतन केलेले पासवर्ड त्यातून निघून जातात. असे घडले असेल तर प्रथम नेटवर्कची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे, दुसऱ्या यंत्रावरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलावेत आणि पैसे गेल्याची शंका असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. इथे बंद करून चालू केल्याने काही साधत नाही, कारण असा प्रोग्रॅम बहुधा यंत्रणेबरोबर सुरू होणाऱ्यांच्या यादीत आपले नाव डिस्कवर लिहून ठेवतो. कामाच्या फाइली बाजूला काढून, तपासून, विंडोज नव्याने टाकावे लागते.